'प्रायश्चित्त' कोणाचें? : ख्रिस्ती मराठी ग्रंथांतील पापक्षमेच्या परिभाषेची चिकित्सा

जुन्या ख्रिस्ती मराठी वाङ्मयाकडे आपल्या संशोधकांचें लक्ष आजवर मुख्यत्वें दोन कारणांनीं गेलें. एक, सतराव्या शतकांतील भाषेचा नमुना म्हणून. दुसरें, हिंदुस्थानांतील मुद्रणाच्या इतिहासाचें साधन म्हणून. दोन्ही कारणें योग्यच आहेत. परंतु त्या ग्रंथांत जें प्रतिपादन केलें आहे त्याची शब्दशः चिकित्सा मात्र फारशी झालेली नाहीं. त्यामुळें पोथीचा कागद, लिपि आणि शक यांचा कसून शोध घेणारा संग्राहकहि तींतील 'क्षमा', 'पश्चात्ताप', 'प्रायश्चित्त' हे शब्द आपल्या ओळखीचे आहेत असें गृहीत धरून पुढें जातो. ओळखीचे शब्द हेच वाचकास अधिक फसवितात, हें प्रस्तुत लेखांत दाखवावयाचें आहे.

ह्या गृहीतांतूनच एक आक्षेप आपल्याकडे रूढ झाला आहे. तो असा कीं, ख्रिस्ती मतांत पाप कबूल केलें म्हणजे क्षमा मिळते. क्षमा मिळाली म्हणजे पुनः पाप करावयास मोकळीक. सबब हें मत नीतीस पोषक नाहीं. आक्षेप खरा कीं खोटा हें ठरविण्यापूर्वीं ज्या शब्दांवर तो उभा आहे ते शब्द तपासले पाहिजेत. आमचें म्हणणें थोडक्यांत असें आहे : पापक्षमेच्या ख्रिस्ती कल्पनेचीं तीन अंगें आहेत, मराठींत येतांना त्यांपैकीं एका अंगाचा शब्द दुसऱ्या अंगास लावला गेला, आणि तिसऱ्या अंगास पुरता शब्दच मिळाला नाहीं. आक्षेपाचें मूळ पुष्कळ अंशीं ह्या भाषिक घडामोडींत आहे.

प्रथम हें नमूद केलें पाहिजे कीं, हा आक्षेप बाहेरच्यांनीं शोधून काढलेला नाहीं. ख्रिस्ती धर्माच्या अगदीं पहिल्या पिढींत, इ. स. ५७ च्या सुमारास रोम येथील मंडळीस लिहिलेल्या पत्रांत, पौलानें तो स्वतःच मांडला आहे. पाप वाढलें तेथें कृपा अधिक वाढली असें विधान केल्याबरोबर तो पूर्वपक्ष घेतो कीं, मग कृपा वाढावी म्हणून पाप करीत राहावें काय? त्याचें उत्तर शिक्षेच्या धाकाचें नाहीं. बाप्तिस्मा घेतलेला मनुष्य ख्रिस्ताबरोबर पापाला मेला आहे. जो मेला तो त्याच घरांत पूर्वींप्रमाणें कसा नांदेल, असा त्याचा युक्तिवाद आहे. म्हणजे क्षमा ही केवळ हिशेबाची वही कोरी करणें नव्हे, तर वही लिहिणाराच बदलणें होय, असें त्याचें मत दिसतें.

आपल्या पुराणांस हा प्रश्न अपरिचित नाहीं. भागवताच्या षष्ठ स्कंधाच्या आरंभीं, अजामिळाची कथा येण्यापूर्वीं, परीक्षिति शुकास हेंच विचारतो. पाप अहितकारक आहे हें जाणूनहि मनुष्य प्रायश्चित्तानंतर पुनः तेंच करतो. तेव्हां असलें प्रायश्चित्त हत्तीच्या स्नानासारखें व्यर्थ नव्हे काय? हत्ती नदींतून बाहेर येतो आणि लागलीच अंगावर धूळ उडवितो. शुकाचें उत्तर, कर्मरूप प्रायश्चित्तानें पापाचें मूळ जात नाहीं, तें भक्तीनें जातें, असें आहे. पुढें वैष्णवांनीं दहा नामापराध गणले, त्यांत नामाच्या बळावर पाप करणें हा एक घोर अपराध ठरविला. कृपा किंवा नाम ह्यांस जेथें जेथें प्राधान्य मिळतें तेथें तेथें हा कांटा उगवतोच, आणि तो उपटण्याची सोय त्या त्या परंपरेसच करावी लागते. ही तुलना मतें सारखीं ठरविण्यासाठीं केलेली नाहीं. प्रश्न समान होता आणि मराठी श्रोता तो प्रश्न घेऊनच ख्रिस्ती पुराण ऐकावयास बसला असला पाहिजे, इतकेंच सांगावयाचें आहे.

आतां शब्दांकडे वळूं. नव्या करारांत पापास जो मुख्य ग्रीक शब्द आहे, 'हामार्तिआ', त्याच्या मुळाशीं नेम चुकण्याचा अर्थ आहे. क्षमेस जो शब्द आहे, 'आफेसिस', त्याचा अर्थ सोडून देणें, मोकळें करणें असा होतो. कर्ज माफ करणें आणि बंदिवान सोडणें ह्या दोन्ही अर्थीं तो चालतो. मत्तयाच्या पाठांत प्रभूच्या प्रार्थनेमध्यें 'ऋण' सोडण्याची भाषा आहे ती ह्याच अर्थास धरून आहे, आणि मराठी भाषांतरानें तेथें ऋण हाच शब्द ठेवला हें योग्य केलें. ऋणत्रयाची कल्पना ज्याच्या अंगवळणीं पडली आहे त्यास हा शब्द परका वाटणार नाहीं. उलट 'क्षमा' हा शब्द क्षम् धातूपासून झाला आहे, आणि त्या धातूचा अर्थ सहन करणें, साहणें असा आहे. पृथ्वीसहि क्षमा म्हणतात तें ह्याच कारणानें. म्हणजे संस्कृत शब्दांत भर क्षमा करणाराच्या सोसण्यावर आहे, ग्रीक शब्दांत भर बांधलेल्याच्या सुटकेवर आहे. सोसणारा पुनः सोसील अशी आशा बाळगतां येते. सुटलेल्यानें पुनः बेडी घालून घेणें मात्र विसंगत दिसतें. आक्षेपाचा पहिला अंकुर ह्या छटाभेदांत आहे.

तिसरा शब्द 'मेतानोइआ'. ह्याचा अर्थ मन पालटणें, बुद्धीची दिशा बदलणें. ग्रीक पाठांत केवळ खेद वाटण्यास निराळें क्रियापद आहे आणि ख्रिस्तास धरून देणाऱ्या यहूदाविषयीं मत्तयानें तेंच योजिलें आहे. यहूदास खेद झाला, त्यानें पैसे परत टाकले आणि गळफास घेतला. पेत्रानेंहि तीन वेळां आपल्या गुरूस नाकारलें होतें. परंतु तो रडला आणि परतला. दोघांच्या पापांत अंतर किती हा प्रश्न बाजूस ठेवला तरी दोघांच्या शेवटांत जें अंतर पडलें तें ह्या दोन शब्दांचें अंतर आहे. मराठींतील 'पश्चात्ताप' हा शब्द, त्याच्या घटकांप्रमाणें, मागाहून होणारा ताप होय. म्हणजे तो यहूदाच्या शब्दास जवळचा आणि पेत्राच्या वागण्यास अपुरा आहे.

मूळ भाषेंत असा भेद असतांना पाश्चात्य मंडळींत त्याचा गोंधळ कसा झाला हें पाहिल्याशिवाय गोव्यांतील ग्रंथ समजणार नाहींत. पहिल्या कांहीं शतकांत बाप्तिस्म्यानंतरचें पाप ही अत्यंत गंभीर बाब मानली जाई. दुसऱ्या शतकांत रोम येथें लिहिलेल्या हर्मासच्या ग्रंथांत अशा पाप्यास एकच संधि दिली आहे. बाप्तिस्मा घेऊन मग घसरण्याच्या भीतीनें लोक तो लांबणीवर टाकीत. कॉन्स्टंटाइन बादशहानें तो इ. स. ३३७ मध्यें मृत्यु समीप आल्यावर घेतला; ऑगस्टीन लहानपणीं आजारी असतां त्याचा विधि ह्याच विचारानें पुढें ढकलला गेला, असें तो स्वतः सांगतो. क्षमा म्हणजे मोकळीक असा समज असता तर ही भीति उत्पन्नच झाली नसती. पुढें सहाव्या शतकापासून आयर्लंडांतील मठांत पापांच्या याद्या आणि प्रत्येकास ठराविक व्रत अशीं पुस्तकें निघालीं. अमुक पापास इतके दिवस भाकरी आणि पाणी, अमुक पापास इतकीं वर्षें उपवास, असा त्यांचा क्रम पाहिला म्हणजे आपल्या स्मृतींतील कृच्छ्र आणि चांद्रायण डोळ्यांपुढें येतात. साम्य येथेंच थांबत नाहीं. आपल्याकडे कृच्छ्राऐवजीं गोदान किंवा जप हा प्रत्याम्नाय आला, त्याप्रमाणें तिकडेहि उपवासाऐवजीं स्तोत्रपाठ, आणि पुढें द्रव्य, असे पर्याय आले. इ. स. १२१५ च्या लॅटरन परिषदेनें वर्षांतून एकदां तरी पापनिवेदन आवश्यक ठरविलें. पापाच्या ऐहिक दंडांत सूट देणारीं पत्रें द्रव्य घेऊन वांटण्यापर्यंत मजल गेली तेव्हां, इ. स. १५१७ मध्यें, ल्यूथरनें आपलीं विधानें मांडलीं.

हा वाद मूलतः एका भाषांतराचाहि होता, ही गोष्ट पोथ्यांच्या अभ्यासकास विशेष मनोरंजक वाटेल. लॅटिन पवित्रशास्त्रांत 'मेतानोइआ'च्या आज्ञेचें भाषांतर 'प्रायश्चित्त करा' असें समजतां येण्याजोग्या शब्दांनीं झालें होतें. पंधराव्या शतकांत लोरेन्झो वल्ला आणि १५१६ मध्यें ग्रीक पाठ छापणारा एरास्मस ह्यांनीं त्यावर बोट ठेविलें. १५१८ मध्यें ल्यूथरनें लिहिलें कीं, शब्दाचा ग्रीक अर्थ समजल्यावर आपल्यास त्या आज्ञेची गोडी लागली. एका शब्दाच्या शोधनानें केवढा खंडव्यापी पक्षभेद दृढ झाला, ह्याचें हें उदाहरण आहे.

ल्यूथरपक्षानें मनुष्याच्या कृतीस पापमोचनांत श्रेय नाकारलें. त्यामुळें त्याच्यावर लगेच तोच जुना आक्षेप आला. १५२१ मध्यें मेलांक्थनास लिहिलेल्या पत्रांत त्यानें धीटपणें पाप करण्याविषयीं जे शब्द घातले ते आजवर त्याच्याविरुद्ध पुढें केले जातात. परंतु तें वाक्य पुढील अर्धावांचून तोडून घेणें हें टीकाकाराचें काम नव्हे. पुढील अर्ध त्याहून धीट श्रद्धेविषयीं आहे आणि संदर्भ पापास उत्तेजन देण्याचा नसून खोट्या, कल्पित पापांवर दुःख करीत बसण्याच्या निषेधाचा आहे. ह्याच ल्यूथरनें १५३७ पासून पुढें आपलाच सहकारी आग्रिकोला ह्याशीं, नियमशास्त्राची आवश्यकता नाहीं ह्या मताबद्दल, वाद घातला. तथापि आमच्या मतें त्याचें तें वाक्य सुभाषित म्हणून चटकदार आणि उपदेश म्हणून घातुक आहे.

रोमन पक्षानें आपलें उत्तर ट्रेंट येथील परिषदेच्या चौदाव्या बैठकींत, नोव्हेंबर १५५१ मध्यें, सूत्रबद्ध केलें. त्याप्रमाणें पाप्याकडून तीन गोष्टी हव्यात : अनुताप, निवेदन आणि भरपाई; त्यावर पाद्र्याचें क्षमावचन. अनुतापाच्या व्याख्येंतच पुढें पाप न करण्याचा निश्चय घातला आहे. ह्याचा अर्थ असा कीं, पुनः करीन असें मनांत धरून केलेलें निवेदन त्या शास्त्राप्रमाणें निवेदनच होत नाहीं. मात्र निश्चय प्रामाणिक असून पुढें मनुष्य दुर्बलपणामुळें घसरला तर पहिली क्षमा खोटी ठरत नाहीं. त्यास परत येतां येतें. निश्चय आणि भविष्यवाणी ह्यांतील हा भेद सूक्ष्म आहे, आणि ज्या टीकाकारांनीं तो ओळखला नाहीं त्यांचा आक्षेप लक्ष्याच्या बाजूनें निघून जातो.

ट्रेंटचें हें शास्त्र मराठीच्या प्रदेशांत जेसुइटांनीं आणलें. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज १५७९ मध्यें गोव्यास आला आणि साष्टींत त्यानें जन्म घालविला. त्याचें ख्रिस्तपुराण १६१६ मध्यें रायतूर येथें रोमन लिपींत छापलें गेलें. १९०७ मध्यें मंगळूर येथें सालढाणा ह्यांनीं तें पुनः प्रसिद्ध केलें, आणि लंडन येथील मार्सडेन संग्रहांत त्याची देवनागरी पोथी आहे. जुनीं पुराणें मना केल्यावर त्यांच्या जागीं कांहींतरी द्या, अशी नवख्रिस्ती श्रोत्यांची मागणी ग्रंथारंभींच नोंदली आहे. ती वाचतांना मनास चटका बसतो, कारण ज्यांचे ग्रंथ हिरावले गेले त्यांच्याच तोंडची ती मागणी आहे. त्याच्याच हातची, मार्कुस जॉर्ज ह्याच्या पोर्तुगीज प्रश्नोत्तरीवरून केलेली कोंकणी 'दौत्रिना', त्याच्या मृत्यूनंतर १६२२ मध्यें छापली गेली. एतियेन द ला क्रुआ ह्या फ्रेंच जेसुइटाचें पेत्राच्या चरित्रावरील ओवीबद्ध पुराण १६२९ ते १६३४ ह्या काळांत निघालें. नाकारून परतलेला पेत्र हाच त्याचा नायक आहे.

ह्या परंपरेच्या लोकभाषेंतील खुणा आजहि कोंकणी ख्रिस्ती जनांत आहेत. निवेदनास 'कुमसार' हा पोर्तुगीजवरून आलेला शब्द, क्षमा करण्यास 'भोगसणें', आणि पाद्र्यानें नेमून दिलेल्या व्रतास 'प्राचीत'. हा शेवटचा शब्द 'प्रायश्चित्ता'चेंच झिजलेलें रूप होय. येथें प्रायश्चित्ताचा कर्ता पापी मनुष्य आहे. हा उपयोग स्मृतींस जुळतो. स्मृतिनिबंधकार प्रायश्चित्त शब्दाची फोड 'प्राय' म्हणजे तप आणि 'चित्त' म्हणजे निश्चय अशी करतात. तप आणि निश्चय! ट्रेंटच्या भरपाई आणि संकल्प ह्या दोन अंगांस ह्याहून जवळचा शब्द सांपडणें कठीण होतें.

परंतु शास्त्र आणि शासन ह्यांत गोव्यामध्यें जें अंतर पडलें तें सांगितल्यावांचून ही चिकित्सा प्रामाणिक ठरणार नाहीं. १५६० मध्यें स्थापन झालेलें आणि १८१२ मध्यें उठलेलें धर्मन्यायासन तेथें होतें. त्याच्या कायद्याप्रमाणें एकदां धर्मभ्रष्टतेबद्दल क्षमा मिळून परत घेतलेला मनुष्य पुनः त्याच दोषांत सांपडला तर त्यास राजसत्तेच्या हवालीं करीत, आणि त्याचा परिणाम मृत्यु होई. तो मनापासून अनुतापी असला तरी त्यास संस्कार देण्यास हरकत नव्हती, पण जीव वांचत नसे. भावाला किती वेळां क्षमा करावी, सात वेळां काय, असें पेत्रानें विचारलें असतां ख्रिस्तानें ती गणनाच मोडून काढली, असें मत्तय सांगतो. न्यायासनानें मात्र दोन हा आंकडा कायम केला. ईश्वराची क्षमा अमर्याद आणि त्याच्या सेवकांची एका वेळेपुरती, ही विसंगति टीकाकारानें दाखविलीच पाहिजे. येथें दोष 'क्षमा पापास उत्तेजन देते' हा नाहीं, त्याच्या अगदीं उलट आहे.

एकोणिसाव्या शतकांत प्रॉटेस्टंट मिशनरी आले. अमेरिकन मिशननें १८१३ पासून मुंबईंत काम आरंभिलें आणि १८२६ मध्यें त्यांचा मराठी नवा करार निघाला. ह्या पक्षाच्या मराठींत पुढें जी परिभाषा स्थिर झाली तींत 'प्रायश्चित्त' हा शब्द ख्रिस्ताच्या मरणास लावला गेला. मनुष्याच्या वांट्यास 'पश्चात्ताप' आणि 'विश्वास' राहिले. प्राचीन यहुदी बलिविधीसहि हाच शब्द वापरल्यामुळें जुन्या आणि नव्या कराराचा सांधा नीट जुळला, हा मोठा लाभ झाला. तोटा असा झाला कीं, ज्या शब्दांत तप आणि निश्चय दोन्ही होते तो मनुष्याकडून काढून घेतला गेला आणि त्याच्या हातीं मागाहून होणारा ताप तेवढा उरला. मराठी वाचकास ऐकूं आलें तें असें : प्रायश्चित्त दुसऱ्यानें केलें, तूं वाईट वाटून घे, क्षमा तयार आहे. मूळ शिकवण ही नव्हती. पण शब्दांनीं तिची अशी छाया पाडली. आक्षेपाचा दुसरा आणि मोठा अंकुर येथें आहे.

योहानाच्या पहिल्या पत्रांतील एक कूट ह्या दृष्टीनें पाहण्यासारखें आहे. तेथें एकीकडे, आम्हांत पाप नाहीं असें म्हणणारा स्वतःस फसवितो असें म्हटलें आहे, आणि थोड्याच अंतरावर, ईश्वरापासून जन्मलेला पाप करीत नाहीं असेंहि म्हटलें आहे. पुष्कळ वैयाकरणांनीं दुसऱ्या ठिकाणच्या वर्तमानकाळाचा अर्थ सातत्याचा घेतला आहे. पाणिनीच्या अभ्यासकास येथें ताच्छील्याची आठवण होईल : पाप घडलेला आणि पापशील हे दोन निराळे. केवळ काळावर एवढा भार टाकावा कीं नाहीं ह्याविषयीं मतभेद आहेत. तरी पत्राचा एकंदर रोख ह्या भेदास अनुकूल आहे असें आम्हांस वाटतें.

मग तिसऱ्या अंगास शब्द कोणता? मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायांत पापमुक्तीचीं साधनें सांगतांना ख्यापन, अनुताप आणि तप हीं येतात. आणि पुढें स्पष्ट म्हटलें आहे कीं, संतापानें मनुष्य पापापासून सुटतो खरा, पण शुद्ध होतो तो पुनः असें करणार नाहीं ह्या निवृत्तीनें. हिब्रू संदेष्टे ज्या क्रियापदानें लोकांस हांक मारतात त्याचा अर्थहि परत फिरणें असाच आहे. निवृत्ति म्हणजे परत फिरणें. हा शब्द संन्यासमार्गाशीं जोडला गेल्यामुळें भाषांतरकारांस नकोसा वाटला असावा, असें आमचें अनुमान आहे. परंतु त्याच्या अभावीं मराठी ख्रिस्ती परिभाषेंत एक पोकळी राहिली.

संग्राहकांनीं ह्यावरून एक उपयोगी कसोटी घ्यावी. निनांवी ख्रिस्ती बाड हातीं आलें असतां त्यांतील 'प्रायश्चित्त' ह्या शब्दाचा कर्ता कोण हें प्रथम पाहावें. कर्ता पापी असेल आणि जवळपास निवेदनाचा व पाद्र्याचा उल्लेख असेल, तर पोथी रोमन परंपरेची असण्याचा संभव अधिक. कर्ता ख्रिस्त असेल आणि मनुष्याकडे केवळ पश्चात्ताप व विश्वास असतील, तर ती एकोणिसाव्या शतकांतील प्रॉटेस्टंट वळणाची असण्याचा संभव अधिक. ही कसोटी एकटी पुरेशी नाहीं. पाप्याच्या भरपाईस मोल येतें तें ख्रिस्तामुळेंच, असें ट्रेंटहि सांगतें. म्हणून दोन्ही कर्ते एकाच पोथींत आढळणें अशक्य नाहीं. लिपि, कागद आणि पोर्तुगीज शब्दांचें प्रमाण ह्यांची जोड तीस हवी.

दोन्ही पक्षांनीं १९९९ मध्यें ऑग्सबर्ग येथें नीतिमान ठरण्याच्या सिद्धान्तावर संयुक्त निवेदनास सह्या केल्या, आणि ख्रिस्ती माणसांत उरणाऱ्या पापाविषयीं पुष्कळसें अंतर कमी केलें. त्यापूर्वींच, १९३७ मध्यें, पुढें नाझी राजवटीनें फांसावर दिलेल्या बोनहोफर ह्या जर्मन धर्मोपदेशकानें, अनुसरणावांचून वांटल्या जाणाऱ्या क्षमेस 'स्वस्त कृपा' असें नांव देऊन आपल्याच मंडळीवर कोरडे ओढले होते. आपल्याकडील आक्षेपकाचें म्हणणें त्यानें अधिक अधिकारानें आणि आंतून मांडलें. तेव्हां निष्कर्ष हा कीं, क्षमेच्या आधारावर पाप करणें हा ख्रिस्ती मताचा सिद्धान्त नसून त्याच्या वाटेवरील ओळखीचा खड्डा आहे. पौलापासून त्यावर पाटी लावलेली आहे. मराठींत मात्र ती पाटी ज्या शब्दांनीं लिहिली गेली ते वाचकास पुरते वाचतां आले नाहींत.